मागील पानावरून पुढे

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना कोणतेही मंडळ काढायचे असले, की एक प्राध्यापक अध्यक्ष म्हणून लागतो. अध्यक्षाचे काम एकच, अर्जाच्या तळाशी सही करणे. वाङ्मय मंडळाचा अध्यक्ष मी कित्येक वर्षे आहे आणि सही करण्याखेरीज हारतुऱ्यांचे पैसे खिशातून भरणे हेही त्या पदाचे कर्तव्य असते, हे अनुभवाने शिकलो आहे. २०२३ सालच्या दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेज उघडले, त्या आठवड्यात चार मुले आणि एक मुलगी आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कुणाच्या तरी जयंतीचे व्याख्यान असेल, असे समजून मी पेनाचे टोपण काढलेसुद्धा.

"सर, आम्ही ब्लॉकचेनचं मंडळ काढायलाव."

"कशाचं?"

"ब्लॉकचेन, सर. तुमची सही पायजे."

मी ज्ञानेश्वरी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता, आणि तोही बहुधा कुणा विद्यार्थ्याला शेजारी बसवून. तेव्हा ही मंडळी चुकून माझ्याकडे आली असावीत, असे वाटले. पण नाही. त्यांना आस्थेने शिकवणारे संगणकाचे सर तासिका तत्त्वावर होते, ते पुण्याला नोकरी मिळाल्यावर निघून गेले होते. गणिताच्या प्राध्यापकांनी "त्यात पैशाची भानगड असते" म्हणून हात झटकले. उरलो मी. "तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही, सर," असे त्यांतल्या एकाने प्रांजळपणे सांगितले. या वाक्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हे आधीच नमूद करून ठेवतो.

औसे हे कसे गाव आहे, ते परगावच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. एक जुना भुईकोट किल्ला, नाथ महाराजांचे संस्थान, हंगामात सोयाबीनने लादलेल्या गाड्या, आणि वीसेक किलोमीटरवर लातूर. ज्याला डॉक्टर व्हायचे तो लातूरच्या शिकवण्यांना जातो, ज्याला इंजिनिअर व्हायचे तो पुण्याला. दोन्हीकडे जाणे ज्यांच्या घरच्यांना झेपत नाही, ती मुले आमच्याकडे येतात. आमच्यासारखी गावोगावची कॉलेजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि १९९४ साली हे विद्यापीठ झाले नसते तर यांतल्या कितीतरी मुली पदवीला बसल्या नसत्या.

त्या पाचांतली मुलगी बोलण्यात चलाख होती. पुढे ती मंडळाची चिटणीस झाली, म्हणून तिला चिटणीसच म्हणतो. मी विचारले, "हे ब्लॉकचेन म्हणजे नेमकं काय, मला समजेल असं सांग."

ती म्हणाली, "वही, सर. खोडता न येणारी वही. आणि ती एकाकडं नसते. सगळ्यांकडं तीच वही असते."

व्याख्या मला आवडली. सही केली.

पहिल्या सभेला ८० मुले जमली. एवढी गर्दी आमच्याकडे स्नेहसंमेलनाखेरीज पाहायला मिळत नाही. सभेला बाहेरचा वक्ता होता. मंडळाच्या उत्साही पोरांनीच त्याला मोबाइलवरून गाठून बोलावले होते. गृहस्थ तरुण, कोट घातलेला, बोलण्यात गोड. तो काय सांगतो याची मी आधी चौकशी केली नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी त्याला नारळ आणि शाल दिली. पहिली दहा मिनिटे तो ब्लॉकचेनवर बोलला आणि पुढचा पाऊण तास पैशावर. सुप्रीम कोर्टाने २०२० साली रिझर्व्ह बँकेचे बंधन उठवले, २०२२ पासून सरकार या व्यवहारावर ३० टक्के कर घेते, आणि सरकार कर घेते त्या अर्थी सरकारची मान्यता आहेच, असा त्याचा युक्तिवाद होता. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी त्यांतून निघत नाही. सरकार कर लावते म्हणून ते त्या धंद्याची हमी घेत नसते. पण दोन खऱ्या वाक्यांच्या मागे एक खोटे वाक्य उभे केले, की ते किती खरे दिसते, हे मी, अलंकारशास्त्र शिकवणारा माणूस, टाळ्या वाजवीत ऐकत बसलो.

आणि ही फसवणूक काही नवी नव्हती. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, देण्याचे वचन देऊन देशभर लोकांकडून रकमा गोळा केल्या गेल्या होत्या. २०१८ साली पुण्याच्या पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. वर्तमानपत्रांत ते सारे आले होते, मीही वाचले होते. पण वर्तमानपत्रात वाचलेली गोष्ट आपल्या सभागृहात शाल पांघरून बसली आहे, हे ओळखता येणे निराळे.

जानेवारीत एके दिवशी दुपारी एक शेतकरी गृहस्थ मला शोधत आले. किल्लारीच्या बाजूचे. पायांत धुळीने माखलेल्या वहाणा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक कागद काढून टेबलावर ठेवला. आमच्या सभेचे ते पत्रक होते, आणि तळाशी माझे नाव व सही.

"सर, ही सही तुमचीच हाय का?"

"हो, माझीच."

"मग बरं. पोरगं म्हनलं, सरांची सही हाय. म्या म्हनलं, इचारून यावं."

ते रागावले असते तर सोपे गेले असते. ते शांतपणे सांगत राहिले. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेले सोयाबीन डिसेंबरात विकले होते. पैसे मुलाच्या खात्यावर ठेवले होते, कारण बँकेचे सगळे तोच पाहायचा. सभेच्या रात्री मुलाने वक्त्याने सांगितलेले ॲप मोबाइलवर घेतले आणि टप्प्याटप्प्याने ३८,००० रुपये त्यात घातले. पडद्यावर आकडा रोज वाढत होता. पंधरा दिवसांत तो ६१,००० झाला. मुलगा पैसे काढायला गेला, तेव्हा आधी कराचे ६,००० भरा, मग रक्कम सुटेल, असा निरोप आला. त्याने ते मित्रांकडून उसने घेऊन भरले. दुसऱ्या दिवशी ॲपही नव्हते आणि वक्त्याचा फोनही लागत नव्हता.

मी त्या मुलाला बोलावून घेतले. आम्ही १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पोलिस ठाण्यात गेलो. सगळे रीतसर झाले. पैसे गेले ते गेले. मी माझ्याकडून काही रक्कम देऊ केली, ती त्या गृहस्थांनी घेतली नाही. "तुमी काय खाल्लं नाही, सर. पन सही करताना वाचत जा," एवढे म्हणून ते एस.टी. पकडायला गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. झोप लागली. पण पहाटे जाग आली आणि पुन्हा लागली नाही.

प्राचार्यांचे म्हणणे, मंडळ बंद करा. माझेही तेच मत होते. एक कागद लिहून विषय मिटवावा, असे ठरवून मी सभा बोलावली. ८० पैकी ११ जण आले. त्यांत ज्याचे पैसे गेले तो मुलगाही होता, मागच्या बाकावर, मान खाली घालून. मी समारोपाचे चार शब्द बोललो. तेवढ्यात चिटणीस उभी राहिली.

"सर, मंडळ कशाचं काढलं होतं? वहीचं. आपण वही अजून उघडलीच नाही. दुकान उघडलं."

मी म्हणालो, "मग आता उघडून काय करणार?"

"झालं ते पहिल्या पानावर लिहायचं."

वाचकहो, ही गोष्ट आमच्या गावापुरतीच नाही, हे मला मागाहून वाचनात समजले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही जगातली नामांकित शिक्षणसंस्था. तिथे जेरेमी रुबिन आणि डॅन एलिट्झर या दोघा विद्यार्थ्यांनी २०१४ साली अर्धा दशलक्ष डॉलर जमवून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला १०० डॉलरचे बिटकॉइन फुकट देण्याची योजना काढली. चार हजारांवर विद्यार्थी. त्यांतल्या ३,१०८ जणांनी ते घेतले. हेतू असा की पोरांच्या हाती नाणे पडले, की ती त्यामागचे शास्त्र शिकतील. काहींनी शिकून घेतलेही. पण पहिल्या दोन आठवड्यांतच दर दहांत एकाने ते विकून डॉलर केले, आणि काहींनी जवळच्या जपानी पदार्थांच्या उपाहारगृहात खाऊन संपवले! कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या मुलांनी त्याच वर्षी मंडळ काढले, तेव्हा त्याच्या नावात बिटकॉइन होते. पुढे त्यांनी नावातले नाणे काढून ब्लॉकचेन घातले, आणि विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांचे वर्ग घ्यायचे, ही तिथली जुनी चाल पकडून अभ्यासक्रम सुरू केले. मंडळ टिकले ते या वर्गांवर. नाण्याने गर्दी होते, मंडळ होत नाही. पण हे आम्हाला ३८,००० रुपये गेल्यावर कळले, आणि तेही आमचे नव्हते.

तर पहिले पान. चिटणीसने इतिवृत्त लिहून आणले. त्यात तारीख, वक्त्याचे नाव, मुलाचे नाव न घालता रक्कम, आणि पुढे एक वाक्य होते: वक्त्याची कोणतीही चौकशी न करता अध्यक्षांनी पत्रकावर सही केली.

मी ते वाक्य दोनदा वाचले. मग प्राध्यापकी आवाजात सुचवले, की "कोणतीही चौकशी न करता" याऐवजी "पुरेशी चौकशी होऊ शकली नाही" असे कर्मणीसारखे काही लिहिले तर भाषा अधिक सभ्य होईल. मराठीत कर्ता लपवायची किती सोय आहे, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या दिवशी त्या सोयीची मला गरज पडली.

चिटणीस गप्प राहिली. बोलला तो मागच्या बाकावरचा मुलगा. "सर, पान बंद झालं. नंबर काढून सगळ्यांच्या वहीत लिहिलाय."

हा नंबर म्हणजे काय, तेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, आणि ते मला त्या पोरांनी जसे समजावले तसे सांगतो. एक गणिती घाणा आहे. त्यात कोणताही मजकूर घाला, एक ओळ घाला की सबंध ज्ञानेश्वरी घाला, बाहेर नेमकी ६४ चिन्हांची एक ओळ पडते: शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरे. तोच मजकूर पुन्हा घातला तर तीच ओळ येते. पण मजकुरात एक टिंब हलले तरी सगळी ओळ बदलते. मी लगेच 'नांदेड' वरचा अनुस्वार काढून पाहिला. ओळ ओळखू येईना! शुद्धलेखनाबद्दल इतकी निष्ठुर वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. परीक्षकांच्या खोलीत असे एखादे यंत्र ठेवायला हरकत नाही, असे क्षणभर मनात आले. पण मग पास कोण होणार?

आता वहीच्या पहिल्या पानाची ही ओळ दुसऱ्या पानाच्या माथ्यावर लिहायची, आणि दुसऱ्या पानाची ओळ काढताना माथ्यावरची ती ओळही घाण्यात घालायची. दुसऱ्याची तिसऱ्यावर. असे पान पानात गुंतत जाते. कुणी मागाहून पहिले पान बदलले, की त्याची ओळ बदलते, ती दुसऱ्या पानाच्या माथ्याशी जुळत नाही, आणि चोरी पुढच्या प्रत्येक पानावर उघडी पडते. आणि अशी वही एकाकडे नसून अकरा जणांकडे असेल, तर लबाडाला एका रात्रीत सहा-सात घरे फोडावी लागतील. यालाच ब्लॉकचेन म्हणतात. हजारो संगणकांवर तीच वही असते आणि पुढचे पान कुणी लिहायचे याचे नियम फार कडक असतात, एवढाच फरक.

हे ऐकताना मला सारखे काहीतरी आठवत होते. मी मोडी वाचतो. आमच्या पिढीत ही विद्या हौसेची होती. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, निजामाच्या अमदानीतले उर्दू आणि मोडीतले गठ्ठे सुटू लागले, आणि आमच्यासारख्यांना एकाएकी भाव आला. आजोबांच्या नावापुढे कुणा कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी काय लिहिले, यावर नातवाची फी आणि नोकरी ठरते. तर त्या जुन्या दप्तरांत लांब पत्रे असतात, ती कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवून केलेली. एकेका तुकड्याला 'बंद' म्हणत. दोन बंद जिथे जुळत, त्या सांध्यावर पाठीमागून लहानसा शिक्का उठवीत, असा की अर्धा शिक्का वरच्या बंदावर आणि अर्धा खालच्या बंदावर यावा. मधला बंद काढून दुसरा घालायचा म्हटले तर शिक्का जुळणार नाही. आणि मजकूर संपला की शेवटी 'मोर्तब सुद', म्हणजे यापुढे कुणी ओळ घुसडू नये.

मी फळ्याकडे गेलो आणि ते पत्र काढून दाखवले. चिटणीस पाहत राहिली. "सर, हे तेच आहे." माझ्या वयाच्या माणसाला विद्यार्थ्याला काही नवे सांगितल्याचा आनंद फार मिळत नाही. मी सांध्यावरचा शिक्का जरा जास्तच वेळ रंगवून सांगितला असेन.

ही कल्पना नाण्याच्या आधीची आहे, हेही त्यांनीच मला शोधून दिले. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघा शास्त्रज्ञांनी १९९१ साली, संगणकावरचा कागद अमुक तारखेला अस्तित्वात होता हे सिद्ध कसे करावे, यावर निबंध लिहिला. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने साऱ्या नोंदींची मिळून एक ओळ काढून ती दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. हरवले-सापडलेच्या रकान्यात! गावोगावच्या वाचनालयांत पडलेले ते अंक कोण बदलणार? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा निबंध प्रसिद्ध झाला तो ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, आपल्याकडे दिवाळी नुकतीच उलटली होती तेव्हा, आणि त्याच्या आधारग्रंथांत या दोघांचे लेखन आहे. ३ जानेवारी २००९ ला त्या साखळीचे पहिले पान लिहिले गेले, त्यातही त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्सचा मथळा खोवून ठेवला आहे. नव्या युगाची वहीसुद्धा शेवटी छापील वर्तमानपत्राच्या आधाराने सुरू झाली, हे वाचून आम्हा जुन्या वळणाच्या माणसांना बरे वाटते.

असो. माझ्या वाक्याचे काय झाले? ते आहे तसेच राहिले. खोडायचे नाही, पण नवी नोंद करता येते, असे चिटणीसने सांगितले. आमच्या औशाच्या बाजारातले जुने दिवाणजीही हेच करीत. कीर्दीत चुकीची रक्कम पडली तर ती खरवडायची नाही, उलटी नोंद करायची. तेव्हा दुसऱ्या पानावर माझे निवेदन आले: मी चौकशी करायला हवी होती, ती केली नाही. चांगले दोन परिच्छेद लिहिले होते, तिने ही दोन वाक्ये ठेवली.

त्यानंतर नियम झाले. मंडळात नाण्याची खरेदी-विक्री नाही. बाहेरचा वक्ता नाही. वर्गणी नाही. वही अकरा जणांकडे. दर शनिवारी एक पान. मी चहा द्यायचा.

वहीने आमची भलतीच परीक्षा घेतली. मार्चमधल्या एका शनिवारी दोघांच्या ओळी जुळेनात. मजकूर तोच, अक्षर अन् अक्षर तेच, मी स्वतः दोनदा वाचून पाहिला. एकाने दुसऱ्यावर संशय घेतला, आवाज चढले, आणि ज्याचे पैसे गेले होते त्याच्याकडे दोघांनी वळून पाहिले, ते मला मुळीच आवडले नाही. तोच मुलगा संगणकापुढे बसला. तासाभराने त्याने दोष काढला. 'दुसऱ्या सभेचे' या शब्दांत तो आडवा, चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे ना, तो संगणकावर दोन-तीन निरनिराळ्या तऱ्हांनी उमटवता येतो. डोळ्यांना र तोच. यंत्राला तो वेगळा. एकाने मोबाइलवर लिहिले होते, दुसऱ्याने संगणकावर.

एवढ्यावरून मुलांच्या लक्षात आले, की ज्यांच्या नावात-आडनावात असा र आहे, त्यांच्या कागदपत्रांचे काय होत असेल. एका मुलीच्या दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर तिच्या आईच्या नावाची तीन रूपे होती. तीनही सरकारी, तीनही शिक्क्यांची. हे प्रकरण वहीत दीड पान चालले.

मग चिटणीसने एटापल्लीचे उदाहरण आणले. गडचिरोली जिल्ह्यातल्या या आदिवासी तालुक्यात २०२२ साली सुमारे ६५,००० जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. शुभम गुप्ता या तरुण अधिकाऱ्याने ते काम केले, आणि ज्या पॉलिगॉन साखळीवर केले तीही आपल्याच देशातल्या तरुणांनी उभारलेली. दाखल्यावरची चौकोनी खूण मोबाइलने टिपली, की तो खरा की बनावट ते कुठेही कळते. त्याआधी २०२१ मध्ये राज्याच्या कौशल्य मंडळानेही आपल्या पदविकांसाठी हीच रीत घेतली होती. ज्याला दर नोकरीच्या वेळी तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात, त्याला याचे मोल विचारा.

मी म्हणालो, "उत्तम. पण कारकुनानं मुळातच चुकीचं लिहिलं असेल तर?"

"मग चूक पक्की होते, सर."

"आणि खरं कोण ठरवणार?"

तिला उत्तर आले नाही. मलाही येत नव्हते. ते आले निराळ्याच माणसाकडून.

उन्हाळ्यात मी त्या मुलाच्या गावी गेलो. आमंत्रण नव्हते, मीच गेलो. त्याचे वडील गोठ्याजवळ बसले होते. पोरगा मंडळात अजून जातो, तिथे आता पैशाचे काही नाही, हे मी सांगितले. वही दाखवली, पहिले पान वाचून दाखवले. ते वाचताना घसा कोरडा पडला. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं केलंव, लिहून ठिवलंव." मग चहा आला आणि ते भूकंपाबद्दल बोलू लागले.

३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारी आमच्याच तालुक्यात. त्या भागातल्या माणसाशी कशाबद्दलही बोला, गोष्ट अखेर त्या पहाटेपाशी येते. त्यांचे वडील त्यात गेले. घर मातीचा ढीग झाले. "शाळंचा दाखला, बँकंचं पुस्तक, राशनकार्ड, समदं त्यात. आमी कोन हाव, ते सांगनारा कागदच नव्हता. मदत वाटायला साहेब आले, इचारलं, तू कुनाचा? म्या काय दाखवू? मग गावातले चौघं उबे राहिले. म्हनले, हा ह्याचा ल्योक. साहेबानं लिवून घेतलं. तवापास्नं माजे कागद त्यावरच."

मी विचारले, "चौघांना काही पुरावा मागितला नाही?"

"त्यांची बी घरं पडली हुती, सर. खोटं बोलून काय मिळनार हुतं?"

परतताना एस.टी.त मी हे चिटणीसला फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी तिने एक ठराव मांडला: वहीत कोणतीही नोंद घ्यायची तर ती प्रत्यक्ष माहीत असलेल्या चौघांची नावे तिच्याखाली हवीत. साखळीच्या शास्त्रात अशी अट कुठे नाही, असे एकाने हरकत म्हणून सांगितले. ठराव ११ पैकी ९ मतांनी मंजूर झाला. दोघे विरुद्ध होते, त्यांची नावेही वहीत आहेत. कॉलेजच्या क्रीडास्पर्धांची प्रमाणपत्रे आता या रीतीने नोंदली जातात. एवढेच आमचे काम. ते पाहायला अजून कुणी मोठा माणूस आलेला नाही, आणि नियमाप्रमाणे बोलावताही येत नाही.

चिटणीस यंदा पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी नांदेडला विद्यापीठात गेली. जाताना तिने आपली वही ज्याचे पैसे गेले होते त्या मुलाच्या धाकट्या बहिणीला दिली. ती या वर्षी पहिल्या वर्गात आली आहे. भावाने शेवटच्या वर्षी मित्रांचे ६,००० फेडले, आणि बापाचे ३८,००० तो लातूरच्या एका दुकानात संगणक दुरुस्त करून थोडे थोडे देतो आहे.

मंडळाची नवी सभा जुलैत झाली. सुरुवातीला पहिले पान वाचायची प्रथा पडली आहे आणि ते अध्यक्षाने वाचायचे असते. मी वाचले. नवी मुले बारकाईने ऐकत होती, काही मोबाइल पाहत होती. वाचून झाल्यावर एका मुलाने हात वर केला.

"सर, ते अध्यक्ष आता कुठं असतात?"

"इथंच," मी म्हणालो.

मुले हसली. त्याला ओशाळल्यासारखे झाले. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, "ते पैसे परत मिळाले का?"

"नाही."

धाकट्या बहिणीने त्याच्यापुढे कोरी वही सरकवली आणि मागील पानाची ६४ चिन्हे एकेक करून सांगायला सुरुवात केली.